पत्रे ठोकले की फ्लॅट?

मुंबईत घरांच्या किमतींचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं: ‘आम्ही जन्मभर हप्ते फेडायचे आणि यांनी पत्रे ठोकले की सरकार फुकट फ्लॅट देणार, तोही आमच्या करातून!’ लोकलमध्ये, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. ऐकून कान किटले.

आज झोपडी टाकणाऱ्याला काहीही मिळत नाही. फुकट घरासाठी झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची हवी. त्यानंतरच्या, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या रहिवाशाला घर मिळतं ते पैसे भरून. 2023 मध्ये सरकारने त्याची किंमत अडीच लाख ठरवली. मतदारयादी, वीजबिल, फोटोपास हे कागद जुळले तर परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीत, ‘पात्र’ म्हणून नाव लागणार. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा बहुधा बाहेरच, मग तिथे त्याची मुलं लग्नाला का आली असेनात.

आता तुमच्या कराचं. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत इमारत बांधतो बिल्डर. त्याला जादा चटईक्षेत्र मिळतं, त्यातले फ्लॅट तो बाजारभावाने विकतो आणि त्या पैशातून झोपडीवाल्यांची 300 चौरस फुटांची घरं उभी राहतात. जमीन पुष्कळदा सार्वजनिक असते, हा आक्षेप रास्त आहे. पण मग त्या जमिनीवर टॉवर विकणाऱ्याबद्दलही पंगतीत बोला की! योजना रखडली आणि बिल्डरने तात्पुरत्या घराचं भाडं थकवलं, तर झोपडीही गेली आणि घरही नाही, अशी गत होते ती ‘फुकट्यां’चीच.

2011 च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत होती. एवढे सगळे लबाड, की त्यांना परवडेल असं घर या शहरात कुणी बांधलंच नाही?

बाकीचे समज थोडक्यात. ‘सुप्रीम कोर्टाने फुटपाथवर राहायचा हक्क दिलाय’: नाही. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. फुटपाथ अडवायचा हक्क कुणाला नाही, हेही त्याच निकालात आहे. पाडकाम लांबलं ते पावसाळ्यापुरतं.

‘12 वर्षं राहिलं की जागा आपली’: भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, त्याला हा नियम लावता येत नाही. सरकारी जमिनीला मुदत 30 वर्षांची.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं नाव अपात्र यादीत लागलं, तर त्यांना एवढं जरूर सांगा: त्याविरुद्ध अपील करता येतं आणि त्याला मुदत असते.