घरी चालतो, डबल क्लिकने उघडतच नाही!

शिक्षक मित्रांनो, तिसरीच्या मुलांसाठी मी सी++ मध्ये पाढ्यांचा प्रोग्राम केला. व्हिज्युअल स्टुडिओत एफ५ दाबलं की मस्त चालायचा. शाळेत न्यायच्या आदल्या रात्री एक्झी फाईलवर डबल क्लिक केलं, तर काळी विंडो क्षणभर दिसून गायब! मुलांना तर सांगून बसले होते.

कारण साधं निघालं. एफ५ दाबल्यावर प्रोग्राम प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये फाईली शोधतो. डबल क्लिक केल्यावर एक्झी असते त्या फोल्डरमध्ये. माझी प्रश्नांची फाईल पहिल्याच ठिकाणी होती. एक्झीशेजारी कॉपी केली, सुरू झाला. तुमचाही असा गायब होत असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून चालवून बघा, विंडो उघडी राहते, चुकीचा मेसेज आला तर वाचता येतो.

शाळेच्या संगणकावर मात्र रिलीज बिल्डच न्या. डिबग बिल्डला लागणाऱ्या डीएलएल फाईली व्हिज्युअल स्टुडिओसोबतच येतात. रिलीजलाही व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल लागतं, तिथे नसेल तर आधी ते टाका.