खडकातील शंखांची ओळख

मध्य प्रदेशात जबलपूरहून शहपुऱ्याकडे जाताना कुंडम लागते. दक्खनच्या लाव्हारसाने घडलेल्या विस्तीर्ण प्रदेशाचा हा ईशान्येकडील भाग होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात या लाव्ह्यावर ठिकठिकाणी तळी साचत. त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातील शंख पुरले जात आणि पुढचा लाव्हा त्यांवर पसरे. अशा थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात.

जबलपूर-मंडला भागापासून नागपूरपर्यंत आढळणारा त्यांतील प्रसिद्ध शंख म्हणजे ‘फायसा प्रिन्सेपी’. सोवर्बी यांनी १८४० मध्ये त्याला हे नाव दिले. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये टाकळी परिसरातील अनेक शंखांचे वर्णन प्रसिद्ध केले.

सापडलेला शंख ओळखताना पहिला प्रश्न वळणाचा असतो. शंखाचे टोक वर आणि मुख पाहणाऱ्याकडे धरावे. मुख उजवीकडे आले तर शंख उजव्या वळणाचा, डावीकडे आले तर डाव्या वळणाचा. फायसा डाव्या वळणाचा असतो. त्याचे शेवटचे वेटोळे फुगीर आणि टोक आखूड असते. त्याच थरांतील लिम्निया मात्र उजव्या वळणाचा व अधिक निमुळता असतो. पूजेतील दक्षिणावर्ती शंखाशी याची गल्लत होऊ नये. तो उलटा, म्हणजे निमुळती नाळ वर करून पाहण्याचा प्रघात आहे. म्हणून शास्त्राच्या परिभाषेत तोच डाव्या वळणाचा ठरतो.

नवख्या संग्राहकाची खरी फसगत होते ती येथे. पुष्कळदा कवच विरघळून जाते आणि खडकात केवळ त्याचा ठसा राहतो. ठसा हा आरशातील प्रतिबिंबासारखा असतो. त्यात डावे वळण उजवे भासते आणि फायसा निराळ्याच वंशाचा वाटू लागतो. अशा वेळी ठशात मऊ माती दाबून ती अलगद काढावी. मूळ वळण तिच्यावर उमटते. कवचाच्या आत भरलेल्या गाळाचा गोळा सापडला, तर त्यात मात्र वळण बदलत नाही.

म्हणूनच प्रत्येक नमुन्यासोबत गाव, थर आणि तो ठसा आहे की शंख, याची नोंद तत्काळ करावी. नोंदीविना सुंदर शंखही निव्वळ शोभेची वस्तू ठरतो. नोंद असलेला मोडका तुकडा मात्र लुप्त झालेल्या तळ्याची साक्ष देऊ शकतो.