मोटारीच्या टचस्क्रीनची निगा

मोटारीच्या टचस्क्रीनची निगा म्हणजे वाहनाच्या डॅशबोर्डवरील स्पर्शसंवेदी पडद्याचे ओरखडे, डाग, ओलावा आणि उष्णता यांपासून रक्षण करणे व तो योग्य रीतीने स्वच्छ करणे होय. ही निगा सर्वत्र सारखी नसते. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात पडद्याचा संबंध बारीक व कठीण धूळ, बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी आणि उन्हाळ्यातील प्रखर ऊन या तिन्हींशी येतो. अशा ठिकाणी नुसती साचलेली धूळ पडद्याला फारसे नुकसान करत नाही. कोरड्या फडक्याने ती घाईघाईने पुसली जाते, तेव्हा नुकसान होते.

पार्श्वभूमी

बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या धारिताधारित पडद्याचे वर्णन ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली केले. ते इंग्लंडमधील मालव्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करत होते. मोटारीत असा पडदा प्रथम १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरा या अमेरिकी गाडीत आला. तो जुन्या दूरचित्रवाणी संचासारख्या चित्रनळीचा होता. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमधील १७ इंची पडद्यानंतर मोठ्या पडद्यांची चाल पडली. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या वरच्या श्रेणींत २०२१ पासून एकाच काचेखाली १०.२५ इंचांचे दोन पडदे मिळू लागले. २०२४ मध्ये सादर झालेल्या एक्सईव्ही ९ई या विद्युत मोटारीत १२.३ इंचांचे तीन पडदे आहेत. जुन्या गाड्यांत स्थानिक दुकानांतून बसवून घेतलेले ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ही आता सर्रास दिसतात.

रचना

पडद्याचा सर्वांत वरचा थर काचेचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. त्याखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक विद्युतवाहक पदार्थाची अतिशय पातळ जाळी असते. बोट जवळ आले की त्या जागची विद्युत धारिता बदलते आणि तेवढ्यावरून स्पर्शाचे ठिकाण ठरते. त्याखाली पारदर्शक चिकट थर, द्रवस्फटिकांचे पटल आणि पार्श्वप्रकाश देणारे एलईडी अशी रचना असते.

निगेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग मात्र डोळ्यांना दिसतच नाही. काचेवर बोटांचा तेलकटपणा टिकू नये म्हणून फ्लोरिनयुक्त संयुगाचा लेप दिलेला असतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर असते. पुष्कळ पडद्यांवर चकाकी कमी करणारा आणखी एक लेप असतो. पडदा ‘जुना’ दिसू लागतो तो बहुधा हे लेप झिजल्यामुळे. खालची काच तेव्हाही शाबूत असते.

काही जुन्या किंवा स्वस्त संचांचा पडदा दाबावर चालतो. तो नखाने किंवा पेनाच्या टोपणानेही प्रतिसाद देतो, यावरून ओळखता येतो. त्याचा वरचा थर मऊ प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे फार लवकर उमटतात.

धूळ

बीड जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते आणि उत्तरेला गोदावरीचे खोरे आहे. येथील काळी माती स्वतः मऊ असते. तिच्यातील चिकणमातीचे कण काचेला ओरखडा पाडू शकत नाहीत. परंतु रस्त्यावर उडणारी धूळ निव्वळ मातीची नसते. मुरमाच्या साइडपट्ट्या, खडी आणि बेसाल्टचा चुरा तिच्यात मिसळलेला असतो. शिवाय नांगरटीच्या वेळी शेतात वर येणारी गारगोटी ज्या सिलिकाची बनलेली असते, त्याचे सूक्ष्म कणही तिच्यात असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोह्‌स मापनश्रेणीवर सामान्य काच सुमारे ५.५ वर आणि गारगोटी ७ वर असते. म्हणजे गारगोटीचा कण काचेवर दाबून सरकवला की रेघ उमटणारच. रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेली काच सहजासहजी फुटत नाही, पण गारगोटीच्या ओरखड्यापासून तीही सुटत नाही.

परळी परिसरात यात आणखी एका घटकाची भर पडते. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जळून निघणारी राख विटा व सिमेंट यांसाठी वाहनांतून नेली जाते. वाटेत उडणाऱ्या राखेविषयी तेथील रहिवाशांची तक्रार जुनीच आहे. या राखेतील पुष्कळ कण म्हणजे सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांच्या काचसदृश सूक्ष्म गोळ्या असतात. बोटाला ती पिठासारखी मऊ लागते आणि त्यामुळेच फसवते: पिठूळ वाटणारी ही राखही फडक्याखाली घासली की पडद्याचा लेप झिजवते.

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि माजलगाववरून जाणारा क्रमांक ६१ हे जिल्ह्यातील मोठे रस्ते आहेत. गावांकडे वळणारे फाटे मात्र पुष्कळदा कच्चे असतात. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर व बैलगाड्यांच्या मागून जाताना खिडक्या बंद असल्या, तरी वातानुकूलन यंत्राच्या झरोक्यांतून बारीक धूळ आत येत राहते. केबिन फिल्टर वेळेवर बदलणे हा म्हणूनच पडदा राखण्याचाही एक उपाय ठरतो, मात्र त्याचा विचार क्वचितच होतो.

म्हणून पडदा स्वच्छ करण्याची पहिली पायरी म्हणजे त्याला न घासता धूळ उडवणे. रबरी फुग्याने हवा मारावी, किंवा रंगकामाचा नवा, कोरडा व मऊ केसांचा ब्रश वरून खाली हलकेच फिरवावा. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे थेंब पडतात. एवढे झाल्यावरच कापड वापरावे. बॉनेट, आरसे आणि डॅशबोर्ड ज्या पिवळ्या फडक्याने पुसले, त्याच फडक्याने शेवटी पडद्यावरून हात फिरवण्याची सवय सर्वत्र आढळते. त्या फडक्याच्या धाग्यांत बॉनेटवरची सगळी खर अडकलेली असते. पडद्यासाठी मायक्रोफायबरचे स्वतंत्र कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवावे. ते जमिनीवर पडले, तर धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. मायक्रोफायबर नसल्यास अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती कापड चालते. कागदी रुमाल टाळावेत, कारण त्यांतील लाकडी तंतू खरखरीत असतात. पडद्याभोवतीची चकचकीत काळी चौकट प्लॅस्टिकची असल्याने पडद्याच्याही आधी विद्रूप होते. तिलाही हीच काळजी लागू आहे.

पाणी आणि द्रावणे

जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. असे पाणी खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्यासोबत घेते, आणि बोअरवेलमधून ते दुष्फेन होऊन वर येते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, तर दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय आहे. खोल बोअरवेलवर अवलंबून असलेल्या गावांत साबणाला फेस येत नाही आणि माठावर पांढरी पुटे चढतात, ती याच क्षारांमुळे. असे पाणी पडद्यावर सुकले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढुरका डाग मागे राहतो. हा डाग पुन्हा साध्या पाण्याने जात नाही. तो घासून काढताना डागाबरोबर लेपही निघतो. लिंबू किंवा व्हिनेगर यांतील आम्लाने क्षार विरघळतात, परंतु वाहनाच्या पुस्तिकेत परवानगी नसेल, तर हे घरगुती उपाय पडद्यावर करू नयेत.

यावरचा सोपा उपाय म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. ते बॅटरीच्या दुकानांत आणि अनेक पेट्रोल पंपांवर ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळते. मागताना ‘पाणी’ असे स्पष्ट सांगावे आणि लेबल वाचून घ्यावे, कारण त्याच दुकानात बॅटरीत भरण्याचे सौम्य सल्फ्युरिक आम्लही विकले जाते. डिस्टिल्ड वॉटर नसेल, तर आरओ यंत्राचे पाणी बोअरवेलच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरे.

गाडी बंद करून किंवा पडदा मालवून पुसावे. काळ्या पडद्यावर डाग नीट दिसतात आणि पुसताना भलत्याच कळा दाबल्या जात नाहीत. काही गाड्यांत पडदा पुसण्यासाठी स्पर्श तात्पुरता बंद करण्याची सोयही असते. पाणी कापडावर घ्यावे, पडद्यावर कधीही फवारू नये. फवारलेले पाणी ओघळून खालच्या कडेला जमते आणि फटीतून आत झिरपू शकते. कापड दमट असावे, पिळल्यास थेंब पडेल इतके ओले नसावे. एकाच दिशेने हलक्या हाताने पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. डाग तेलकट असल्यास पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब पुरतो. त्यानंतर मात्र नुसत्या पाण्याने दमट केलेले कापड फिरवणे आवश्यक असते.

घरातील काचा पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. तो लेपांना आणि प्लॅस्टिकला घातक ठरतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन आणि दात घासण्याची पेस्ट पूर्णपणे वर्ज्य आहेत. पेस्टने ओरखडे जातात असा समज आहे. प्रत्यक्षात पेस्टमधील बारीक खर आजूबाजूचा लेप घासून काढते आणि ओरखड्याच्या जागी धूसर पट्टा दिसू लागतो. अल्कोहोलबाबत निर्मात्यांत एकमत नाही, त्यामुळे वाहनाची पुस्तिका हाच शेवटचा आधार. २०२० नंतर सॅनिटायझरचा वापर वाढला. तो हातावर पूर्ण सुकण्यापूर्वी पडद्याला हात लावल्यास चिकट ठसे उमटतात. वॉशिंग सेंटरमध्ये डॅशबोर्डला लावतात ते सिलिकॉनयुक्त पॉलिश पडद्यावर तेलकट इंद्रधनुषी पापुद्रा सोडते. तेथे गाडी देतानाच ‘पडद्याला पॉलिश लावू नका’ असे सांगणे सोपे.

वाहनपूजा

दसऱ्याला वाहनांची पूजा होते, तसेच नवी गाडी घेतल्यावर परळीच्या वैद्यनाथाच्या किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या दर्शनाला नेण्याची पद्धत जिल्ह्यात आहे. हळदकुंकू पूर्वी स्टिअरिंगला लागे, आता अनेकदा पडद्यालाही लागते. कोरडे कुंकू ब्रशने झटकता येते. ओल्या हळदीतील कुरकुमिन हे रंगद्रव्य मात्र प्लॅस्टिकच्या चौकटीत मुरते, त्यामुळे ते सुकण्याआधीच टिपून घ्यावे. नारळाचे पाणी सुकल्यावर चिकट साखर उरते. ती काढण्यासाठी दमट कापड काही क्षण डागावर नुसते ठेवावे. बंद गाडीत रोज उदबत्ती लावल्यास तिच्या धुराचा तेलकट थर पडद्यावर आणि पुढच्या काचेवर आतून बसतो. पूजेत कपात करण्याचे कारण नाही. गंधाचे बोट स्टिअरिंगच्या मधोमध लावावे, एवढे पुरे.

ऊन

एप्रिल-मे महिन्यांत बीडमध्ये पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना या अशाच उष्ण, कोरड्या राज्यात झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तासभर उन्हात उभ्या ठेवलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे सरासरी तापमान त्यात सुमारे ६९ अंश सेल्सियस आढळले. मोटारींसाठी बनवलेले पडदे एवढी उष्णता सोसतील अशा बेताने तयार केलेले असतात. बाहेरून बसवलेल्या स्वस्त संचांबाबत तशी खात्री देता येत नाही. द्रवस्फटिक मर्यादेपलीकडे तापल्यास पडदा काळपट दिसतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो. काही पडदे उष्णतेत आपोआप मंद होतात. हा बिघाड नसून स्वसंरक्षण असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने चिकट थर पिवळा पडला किंवा त्यात बुडबुडे आले, तर मात्र दुरुस्ती म्हणजे पडदा बदलणे.

पुढच्या काचेला आतून लावायचे चकाकते आवरण किंवा रस्त्याकडेच्या लिंबाची सावली हे स्वस्त आणि खात्रीचे उपाय होत. काचांना गडद फिल्म लावण्यापूर्वी नियम पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे बंधनकारक आहे. तापलेला पडदा लगेच पुसू नये. पाणी क्षणात उडून जाते आणि पट्टे राहतात. सकाळची वेळ यासाठी उत्तम.

संरक्षक काच

पडद्यावर टेम्पर्ड काच किंवा फिल्म लावल्यास ओरखडे तिच्यावर पडतात आणि ती बदलता येते. धुळीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीसाठी हा खर्च योग्य म्हणावा लागेल. अशा काचेवर छापलेले ‘९एच’ हे पेन्सिलीच्या काठिण्य चाचणीतील माप असते. मोह्‌स श्रेणीतील ९ शी, म्हणजे माणकाच्या काठिण्याशी, त्याचा संबंध नाही, त्यामुळे गारगोटी तिलाही ओरखडते. मॅट फिल्म उन्हाची चकाकी कमी करते, पण चित्र किंचित धूसर होते. काच बसवताना गाडीचा पंखा बंद ठेवावा आणि दारे लावून घ्यावीत. एक जरी कण आत राहिला, तरी तो बुडबुडा होऊन कायम दिसतो.

स्वच्छ पडदा आणि सुरक्षितता

वातानुकूलन, नकाशा आणि मागील कॅमेऱ्याचे चित्र आता एकाच पडद्यावर येते. मावळतीच्या उन्हात तेलकट ठशांवरून प्रकाश विखुरला की चित्र पुसट होते आणि चालकाची नजर रस्त्यावरून अधिक काळ हटते. पडद्यावर पाण्याचे किंवा घामाचे थेंब असतील, तर यंत्रणा त्यांनाच बोट समजून आपोआप कळा दाबल्यासारखी वागते. युरोपातील वाहनसुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासूनच्या मूल्यमापनात इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर आणि हॉर्न यांसाठी पडद्याबाहेर स्वतंत्र कळा असाव्यात अशी अपेक्षा ठेवते. मागे घेताना चित्र धुरकट दिसल्यास पडदा घासण्यापूर्वी मागच्या कॅमेऱ्याची भिंग पाहावी. मातीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीत दोष पुष्कळदा तिथेच असतो, आणि तीही आधी धूळ उडवून मगच दमट कापडाने पुसायची असते.