सत्तर लिटरांचा अविश्वास

१६६६ साली बोलोन्याच्या मार्सेल्लो माल्पीगीने मूत्रपिंडाच्या धमनीत काळा द्रव सोडला. भिंगाखाली पाहतो तर रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना सफरचंदं लगडावीत तसे बारीक गोळे. ते कशासाठी, हे उलगडायला पावणेदोनशे वर्षं गेली आणि मग एकाच वर्षी, १८४२ मध्ये, दोघेजण उत्तर घेऊन पुढे आले.

लंडनच्या विल्यम बोमनने दाखवलं की प्रत्येक गोळा हा केशवाहिन्यांचा गुच्छ असून त्याभोवतीची पातळ पिशवी थेट मूत्रनलिकेत उघडते. रचना बिनचूक, काम मात्र चुकलं. गुच्छातून नुसतं पाणी पाझरतं आणि नलिकेने बाहेर टाकलेले टाकाऊ पदार्थ धुऊन नेतं, असं त्याला वाटलं. मारबुर्गचा कार्ल लुडविग म्हणाला, रक्ताच्या दाबाने प्रथिनं सोडून बहुतेक सारं गाळलं जातं आणि नलिकांमधून जाताना त्यातलं पुष्कळसं रक्तात परततं.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा माणूस हरलेला आहे : रुडोल्फ हायडेनहाइन. त्याने हिशेब मांडला. दिवसाचा युरिया नुसत्या गाळण्यातून काढायचा तर सुमारे ७० लिटर द्रव गाळावा लागेल. मूत्र तर जेमतेम दीड लिटर! शरीर असला उपद्व्याप करणार नाही, म्हणून लुडविग चूक; टाकाऊ पदार्थ नलिकाच मूत्रात टाकत असणार. पुढची कित्येक वर्षं या युक्तिवादाचं वजन राहिलं.

निकाल लागला फिलाडेल्फियात. जोसेफ वर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी जिवंत बेडकाच्या गुच्छाभोवतीच्या पिशवीत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून थेंबभर द्रव ओढला. १९२४ मध्ये निष्कर्ष छापले : त्यात प्रथिनं नव्हती, साखर होती, मूत्राशयातल्या मूत्रात मात्र साखर नव्हती. म्हणजे गाळलंही जात होतं आणि परतही घेतलं जात होतं. तरी हायडेनहाइन पुरता खोटा ठरला नाही. काही पदार्थ नलिका स्वतःहून मूत्रात टाकतात, हे त्याच सुमारास ई. के. मार्शलने दाखवलं. काही माशांना तर हे गुच्छच नसतात, तरी मूत्र बनतं.

पुढे इन्युलिन हा नुसता गाळला जाणारा पदार्थ वापरून माणसातलं गाळण मोजता आलं : मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, दिवसाला १८० लिटर. हायडेनहाइनला अशक्य वाटलेल्या आकड्याच्या अडीचपट! या उधळपट्टीत सोय आहे. प्रत्येक टाकाऊ रेणू ओळखत बसण्यापेक्षा लहान ते सगळं बाहेर सोडायचं आणि हवं तेवढं परत घ्यायचं.

प्रथिनं अडतात कशी, याचा एक मोठा धागा १९९८ मध्ये फिनलंडमधल्या एका जन्मजात आजारातून मिळाला. त्या बाळांच्या मूत्रातून प्रथिनं भरमसाट वाहून जात. दोष सापडला नेफ्रिन या प्रथिनाच्या जनुकात. गुच्छाला वेढणाऱ्या पेशींच्या पायांमधल्या फटींवरचा पडदा याच नेफ्रिनने विणलेला असतो.