एका जनुकाचे मौन आणि त्याची किंमत

शरीरातील एखादे जनुक निकामी झाले की रोग जडतो, हे आपण ऐकून आहोत. जनुकाचे कार्य मुद्दाम क्षीण करून रोग हटविण्याची किमयाही आता साधली आहे. सिकलसेल या रक्तविकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; त्या वेदना असह्य असतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये हा दोष नसतो. परंतु जन्मानंतर त्याची निर्मिती रोखणारे जनुक म्हणजे 'बीसीएल११ए', असे विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ साली बोस्टन येथे दाखविले. मग या पहारेकऱ्यालाच झोपविले तर? रोग्याच्याच मूळपेशी बाहेर काढून 'क्रिस्पर' तंत्राने या जनुकाचा केवळ तांबड्या पेशींतील कारभार तोडला जातो. (मेंदूच्या वाढीस ते लागतेच, सरसकट बंद करणे परवडणारे नाही.) २०१९ साली मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर हा उपचार झाला, २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने त्यास मान्यता दिली.

अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर्स! गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत तर हाच विकार पिढ्यान्पिढ्या ठाण मांडून आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलन मोहीम आरंभिली आणि गावोगाव तपासणीस वेग दिला, हे स्तुत्यच. पण तपासणीत ज्या मुलाचे निदान झाले, त्याने पुढे कोणाचे दार ठोठवावे? स्वस्त देशी उपचारासाठी प्रयोगशाळांना किती पैसा व केव्हा देणार, याचे उत्तर सरकारने संसदेत द्यावे.