सपाट दगडावरची उडती रेषा

लाकडाचा ठसा कोरावा लागतो, तांब्याच्या पत्र्यात ॲसिडनं खाचा पाडाव्या लागतात. शिळाछापाचा, म्हणजे लिथोग्राफीचा, दगड मात्र शेवटपर्यंत सपाट राहतो आणि तरीही शाई नेमकी रेषेवरच बसते! सगळं तेल-पाण्याच्या वैरावर चालतं. तेलकट खडूनं दगडावर चित्र काढायचं, त्यावर किंचित ॲसिड घातलेला डिंक फिरवायचा, मग ओला स्पंज. कोरा दगड पाणी धरतो, खडूची रेघ ते झिडकारते. तेलकट शाईचा रूळ फिरवला की रेघ शाई घेते आणि ओला दगड नाकारतो.

१७९०च्या दशकाच्या अखेरीस हे गवसलं म्युनिकच्या अलॉइस झेनेफेल्डरला. त्यासाठी सर्वांत उत्तम ठरला बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड. त्याचे कण इतके बारीक, की सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका पंखवाल्या प्राण्याची पिसं त्यात जशीच्या तशी उमटून राहिली. १८६१ मध्ये त्याला आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका हे नाव मिळालं, ते या छपाईच्या दगडावरूनच.

चेन्नईचे चित्रकार आर. एम. पळनिअप्पन यांचे लिथोग्राफ पाहताना ती पिसं हटकून आठवतात. १९५७ मध्ये तमिळनाडूतल्या देवकोट्टई इथं जन्मलेल्या या कलावंताला उड्डाणाचा आणि गतीचा ध्यास आहे. त्यांच्या छापांत बाण येतात, आकडे येतात, एखाद्या शास्त्रीय दस्तऐवजावर असाव्यात तशा खुणा येतात. आणि त्यांतून एक बारीक रेषा वळत, भरकटत, पुन्हा सावरत जाते. वस्तूपेक्षा तिचा प्रवासच चितारावा, हे त्यांचं वेड मला फार मोलाचं वाटतं.

त्या वेडाला दगडाइतकी साथ दुसरं कुठलं माध्यम क्वचितच देईल. कोरताना हत्यार हाताला अडवतं. दगडावर खडू कागदावरच्यासारखा सरकतो. हात कुठे दाबला गेला, कुठे उचलला, सगळं छापात उतरतं. भिंग लावून पाहा: रेघ सलग नसतेच, दगडाच्या दाण्यांवर अडकलेले असंख्य काळे कण असतात. पातळ तेलकट शाई ओतून वाळू दिली, तर आटलेल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळ जाळी उमटते, आणि ती हातानं काढणं अशक्य. आकड्यांची गंमत आणखी वेगळी. छाप उलटा पडतो, म्हणून दगडावर थेट लिहायचं तर आकडा आरशातला लिहावा लागतो.

पळनिअप्पन १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आल्बकर्कीच्या टॅमरिंड इन्स्टिट्यूटमध्ये लिथोग्राफीच्या प्रगत शिक्षणासाठी गेले. जून वेन यांनी १९६० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेली ही कार्यशाळा पुढे न्यू मेक्सिको विद्यापीठात आली. तिथं चित्रकार आणि कुशल छपाईकार एकाच दगडापाशी उभे राहतात.

आपल्याकडे लिथो म्हटलं की आठवतात रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वती. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. तिथं मूळ तैलचित्र पाहून कारागीर रंगागणिक वेगळा दगड तयार करत. त्या कारागिरांचं कसब थोर होतंच. पण ते चित्र आधीच दुसरीकडे पुरं झालेलं असे. पळनिअप्पनांच्या छापामागे असं आधीचं चित्र नसतं, ते दगडावरच घडतं. म्हणून असा छाप प्रदर्शनात अगदी जवळ जाऊन पाहावा. खाली पेन्सिलीनं ३/१५ असं काही लिहिलेलं दिसलं, तर तो पंधरांतला तिसरा. आवृत्ती पुरी झाली की दगड घासून पुन्हा कोरा करतात.