परमुलखांत एकट्याचें सारथ्य

परदेशीं एकट्यानें जावें, तेथें भाड्याची मोटार घ्यावी आणि ती स्वतः हांकीत मनसोक्त हिंडावें, ही हौस अलीकडे आपल्या पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतूनहि दिसूं लागली आहे. तिला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं; उलट ती चांगलीच आहे. परंतु आज बोलावयाचें आहे तें हौसेविषयीं नसून जिवाच्या सुरक्षिततेविषयीं. शेजारीं कोणी बसलेलें नसतां, आणि गाडी, रस्ता व हवा या तिन्ही गोष्टी अनोळखी असतां, माणसानें काय ध्यानांत ठेवावें, एवढाच प्रश्न आहे. उदाहरणासाठीं मी आइसलंड हा देश घेतों, कारण या प्रकारच्या प्रवासांतील बहुतेक अडचणी तेथें एकाच रस्त्यावर भेटतात.

आइसलंडचें क्षेत्रफळ सुमारें १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढें. वस्ती मात्र चार लाखांच्याहि आंत. आगगाडी तेथें नाहीं. बेटाला वळसा घालणारा पहिल्या क्रमांकाचा रस्ता सुमारें १,३२० किलोमीटरांचा आहे आणि तोच तेथील राजमार्ग. हा वळसा पुरा होण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. दक्षिणेस व्हात्नायोकुत्ल नांवाच्या अवाढव्य हिमक्षेत्राच्या पायथ्याशीं काळ्या वाळूचें विस्तीर्ण मैदान पसरलें आहे. तेथील नद्या आज एका ठिकाणीं तर उद्यां दुसऱ्या ठिकाणीं वाहत, त्यामुळें पूल बांधणें दुष्कर होतें. अखेर १९७४ त पूल झाले. पण १९९६ च्या नोव्हेंबरांत, बर्फाखालील ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर आलेल्या महापुरानें त्यांतील एक पूल समूळ नेला आणि दुसऱ्याचा मोठा भाग तोडला. त्या वेळीं पिळवटून निघालेल्या लोखंडी तुळया रस्त्याच्या कडेस अजून पाहावयास मिळतात. ज्या मुलखांत आपण गाडी हांकणार तो कसा आहे हें समजण्यासाठीं तेथें पांच मिनिटें थांबणें अगदीं योग्य होय.

आतां मुख्य गोष्ट. आइसलंडमध्यें गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. एके काळीं तेथेंहि आपल्यासारखीच डावी बाजू होती; स्वीडननें १९६७ त बाजू बदलली आणि २६ मे १९६८ रोजीं आइसलंडनेंहि तेंच केलें. एका सबंध राष्ट्रानें एका दिवसांत जें केलें तें आपणांस विमानतळाच्या फाटकापाशीं पांच मिनिटांत करावयाचें असतें. लोकांना वाटतें कीं, भीति पहिल्या तासाची आहे. तसें नाहीं. पहिल्या तासांत माणूस जागा असतो, आणि पुढची गाडी त्याला वाट दाखवीत असते. घात होतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीं, सकाळच्या प्रहरीं, पेट्रोल भरून किंवा धबधबा पाहून रिकाम्या रस्त्यावर परत येतांना. तेथें समोर कोणी नसतें. मग डोक्यांतलें ज्ञान बाजूस राहतें आणि हातांत मुरलेली संवय गाडीला डावीकडे नेते. शेजारीं सोबती असता तर तो ओरडला असता. एकट्याला ओरडणारें कोणी नाहीं.

यावर एक साधी खूण सांगतों, ती कोणत्याहि देशांत उपयोगी पडते. चालकाची बैठक नेहमीं रस्त्याच्या मध्याकडे असावी. आपल्याकडे चक्र उजवीकडे असतें आणि आपण डावीकडून जातों, म्हणून मध्यरेषा आपल्या अंगाशीं येते. तेथें चक्र डावीकडे, जाणें उजवीकडून, आणि मध्यरेषा पुन्हां आपल्याच अंगाशीं. प्रत्येक थांब्यानंतर गाडी हलवितांना ही रेषा कोठें आहे तें पाहून, हवें तर मोठ्यानें बोलून मगच निघावें. एकटें असल्याचा एवढा तरी लाभ घ्यावा. हंसावयास कोणी नसतें!

बाकीचे फेरफार त्या मानानें लहान. गियर उजव्या हातानें बदलावा लागतो. तेवढी एक गोष्ट कमी व्हावी म्हणून आपोआप गियर बदलणारी गाडी मागावी, थोडे पैसे अधिक पडले तरी चालतील. पायांखालच्या पट्ट्यांचा क्रम मात्र आपल्यासारखाच असतो. वळण्याचा दिवा लावावयास गेलें कीं कांच पुसणारी काडी हलूं लागते, कारण त्या दोन दांड्यांच्या जागा बहुधा उलट असतात. त्यानें फक्त करमणूक होते. वर्तुळाकार चौकांत मात्र सावध असावें. तेथें वाहनें घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फिरतात आणि आंतल्या पट्टीतील गाडीला बाहेर पडतांना पहिला मान असतो. आणखी एक: डावीकडे बसणाऱ्या नवख्याला गाडीच्या उजव्या अंगाचा अंदाज येत नाहीं, म्हणून तो नकळत कडेकडे सरकतो. तेथील रस्ते अरुंद, बांधावर उचललेले, आणि कडेला मोकळी जागा अशी जवळजवळ नाहीं. चाक खालीं गेल्यावर चक्र एकदम फिरवणें हें गाडी उलटण्याचें निश्चित कारण आहे.

वेगाची मर्यादा गांवांत सामान्यतः ताशीं ५०, बाहेर खडीच्या रस्त्यावर ८० आणि डांबरीवर ९० किलोमीटर. दिवे दिवसाहि लावलेले असावे लागतात. डांबर संपून खडी सुरू होते तेथें वेग आधींच उतरवावा, नंतर नव्हे. राजमार्गावरहि एकेरी पूल अजून कांहीं शिल्लक आहेत. जी गाडी पुलापाशीं आधीं पोंचते ती आधीं जाते, असा रिवाज आहे; पण समोरच्याला हा रिवाज ठाऊक आहे असें धरून चालूं नये, कारण तोहि आपल्यासारखाच कालच विमानांतून उतरलेला असण्याचा संभव असतो. उन्हाळ्यांत मेंढ्या मोकळ्या चरतात. रस्त्याच्या एका बाजूस मेंढी आणि दुसऱ्या बाजूस कोंकरूं दिसलें, तर तें कोंकरूं आईकडे धांवणारच असें समजून गाडी जवळजवळ थांबवावी.

वाऱ्याची मात्र आपणांस खरी कल्पना नसते. तेथील हवामानखातें वाऱ्याचा वेग सेकंदास इतके मीटर असा सांगतें; आंकडा लहान वाटतो. त्याला ३.६ नें गुणावें: २० मीटर म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर झाले, आणि झोत त्याहूनहि पुष्कळ जोराचे असतात. अशा वाऱ्यांत गाडीचें दार हातांतून निसटून मागें उलटतें व बिजागरी मोडते. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, आणि दार दोन्ही हातांनीं धरून उघडावें. विम्यांत हें नुकसान बहुधा येत नाहीं.

विम्याचा कागद सही करण्यापूर्वीं सबंध वाचावा. सामान्य विमा असला तरी नुकसानीची ठराविक रक्कम आपल्याच माथीं राहते. ती किती, हा पहिला प्रश्न. उडणाऱ्या खडीचा आणि वाळू-राखेचा विमा पुष्कळदां वेगळा घ्यावा लागतो. नदींतून गाडी नेल्यास होणारें नुकसान सहसा कोणी भरून देत नाहीं. ताब्यांत घेतांना गाडीचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, पण मूळ परवाना बरोबर नसेल तर त्याला अर्थ नाहीं. निर्मनुष्य पेट्रोल-पंपावर गुप्त आंकडा मागणारें क्रेडिट-कार्ड लागतें, तें आधीं पारखून घ्यावें.

जूनमध्यें रात्र म्हणण्यासारखी होतच नाहीं, आणि याच गोष्टीनें एकटा चालक फसतो. उजेड आहे म्हणून तो हांकीत राहतो. शरीर मात्र थकलेलें असतें. दिवसाला अडीचशें-तीनशें किलोमीटर पुरे. डिसेंबरांत उलट, रेक्याविकला जेमतेम चार तासांचा दिवस. त्या ऋतूंत नवख्यानें एकट्यानें हांकूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. रोज सकाळीं रस्तेखात्याचा नकाशा पाहावा, मुक्कामाच्या घरीं आजचा मार्ग सांगून ठेवावा, आणि ११२ हा संकटकाळचा क्रमांक पाठ असावा. तेथील बचावपथकें स्वयंसेवकांचीं आहेत. आपल्या अविचारासाठीं रात्रीं बाहेर पडणारा माणूस दिवसां स्वतःचा धंदा करणारा असतो.

नकाशावर ज्या रस्त्यांच्या क्रमांकामागें 'एफ्' हें अक्षर आहे ते डोंगरी रस्ते. ते उन्हाळ्यांतच उघडतात आणि चारी चाकांना जोर असलेल्या गाडीशिवाय तेथें जाण्यास मनाई आहे. रस्ता सोडून शेवाळावर गाडी घालणें हा तर गुन्हाच. तेथील शेवाळ पुन्हां उगवण्यास दशकें लागतात. डोंगरी रस्त्यांना बहुतेक ठिकाणीं नद्या आडव्या येतात, आणि हिमनदीचें पाणी सकाळपेक्षां दुपारीं चढलेलें असतें. अशा पाण्याच्या काठीं एकटा चालक आला तर त्यानें दुसरी गाडी येईपर्यंत थांबावें. ती न आली, तर गाडी वळवून आल्या वाटेनें परत जावें.